अंगठा, सही आणि परवाना



आपल्या मेढ्यातील एखाद्या घरी पोलीस ठाण्यातून निरोप येतो, "पासपोर्टच्या चौकशीसाठी कागदपत्रे घेऊन या." मुलाने काही गुन्हा केलेला नसतो. नोकरीसाठी आखातात अथवा शिक्षणासाठी दूरदेशी जाण्याची त्याची तयारी चाललेली असते. तरीही आईच्या काळजात धस्स होते. वडील पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, जन्माची नोंद असे सारे बाहेर काढतात, आणि मग ध्यानात येते की एका कागदावर मुलाचे नाव एक तऱ्हेने लिहिले आहे, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने. तोवर ज्या कागदांकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्यांच्यावर आता मुलाचे भवितव्य अवलंबून असते.

"हा कागद एवढा का मागतात?" असे पालक विचारतात. "परदेशात रस्त्यावर पोलिसाने अडविले तर काय करावे?" असे मुले विचारतात. सरकारने 'अमक्या देशात जाऊ नका' असे जाहीर केले तर ते मनावर घ्यावे की नाही, हाही प्रश्न असतो. या प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत, आणि त्या इतिहासात आपल्या समाजातील माणसांचा वाटा मोठा आहे. तो आपल्या मुलांना ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

जुने परवाने

प्रवाशाजवळ परवाना असावा ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. मोगल व मराठी अमलात माल किंवा माणूस एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचा तर 'दस्तक' लागे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर आपला हुकूम चालविला, तेव्हा 'कार्ताझ' नावाचा त्यांचा परवाना असल्याशिवाय गलबताला निर्धोकपणे जाता येत नसे. हाजींना घेऊन जाणारी जहाजेही त्यातून सुटली नव्हती. त्या परवान्यावर ख्रिस्ती धर्मातील चित्रे असत, म्हणून अकबर बादशहाच्या काळी काही उलेमांनी असा परवाना घेऊन प्रवास करण्यास हरकत घेतली होती. म्हणजे परवाना हवा की नको, हा वाद तेव्हाही नव्हता. परवाना देणारा आपला मान राखतो की नाही, हा खरा वाद होता. वाचकांनी एवढा मुद्दा मनात धरून पुढे यावे.

बोटांच्या ठशांचे गणित

इ. स. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर सहीबरोबर पंजाचा ठसाही घेतला. दोन माणसांच्या बोटांच्या रेषा सारख्या नसतात, हे पुढे सिद्ध झाले. परंतु हजारो ठशांतून नेमका एक ठसा शोधावयाचा कसा, हे कोडे कोणास सुटेना.

ते सोडविण्यात काझी अझीझुल हक या बंगाली मुसलमान तरुणाचा मोठा हात होता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला हा गणिताचा हुशार विद्यार्थी. बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली तो आणि त्याचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गवारीची पद्धत बसविली. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. पद्धतीस नाव मात्र साहेबांचे मिळाले. आजही जग तिला 'हेन्री पद्धती' म्हणून ओळखते. अझीझुल हक यांस पुढे खानबहादूर हा किताब आणि ५,००० रुपये मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, एका मुसलमान गणितज्ञाच्या बुद्धीतून निघालेली ही पद्धत पुढे त्याच्याच देशबांधवांवर कशी उलटली, ते आता पाहा. १९०० साली हेन्रीसाहेबांना दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसविण्यास पाठविण्यात आले. तेथे ठशांची पद्धतही त्यांच्याबरोबर पोचली.

सह्याद्रीपलीकडची माणसे आफ्रिकेत

मेढ्याहून महाबळेश्वर गाठावे आणि आंबेनळी घाट उतरावा, की पोलादपूर-महाडचा मुलूख लागतो. तेथून खाली रत्नागिरी जिल्हा. या कोकणपट्टीतील अनेक मुसलमान कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केप टाउनला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे 'कोकणी' म्हणून ओळखले जातात. तिकडे स्थायिक झालेल्या माणसाला गावी यायचे तर १९०६ च्या कायद्यान्वये गैरहजेरीचा परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र आणि बोटांचे ठसे असत. परवान्याची मुदत टळली की परतण्याचा हक्क गेला. आईच्या आजारपणात दोन महिने जास्त राहिलेला मुलगा आपल्याच दुकानाला मुकू शकत होता. नव्याने जाणाऱ्याला तर युरोपातील एखाद्या भाषेत लिहिता येणे सक्तीचे होते. उर्दू, मराठी, गुजराती येणारा तेथे निरक्षर ठरे.

ट्रान्सवाल प्रांतात याहून कडक पाऊल उचलले गेले. २२ ऑगस्ट १९०६ रोजी तेथील सरकारी राजपत्रात एका कायद्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने सरकारी कचेरीत नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावे, अंगावरील खुणा दाखवाव्या आणि परवाना सतत जवळ बाळगावा, असे त्यात होते. पोलीस शिपायाने रस्त्यात मागितला की तो दाखविला पाहिजे. परवाने तपासण्यासाठी पोलिसांना घरातही शिरता येई. न पाळणाऱ्यास १०० पौंडांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हद्दपारी. मूळ मसुद्यात स्त्रियाही होत्या. लोकांनी कडाडून विरोध केला, तेव्हा त्यांना वगळण्यात आले.

तेथील गोऱ्या माणसाला असा परवाना लागत नव्हता. ठसे घेतले जात ते आशियाई माणसाचे, मग तो मोठा व्यापारी असो की फेरीवाला. जी रीत पोलीस गुन्हेगारांसाठी वापरीत, ती एका संपूर्ण समाजाला लावली गेली. त्या माणसांना हे झोंबले.

मशिदीच्या आवारातील आग

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सुमारे तीन हजार हिंदी लोकांची सभा भरली. अध्यक्षस्थानी अब्दुल गनी हे व्यापारी होते. शेठ हाजी हबीब उठून म्हणाले की हा ठराव नुसता हात वर करून पास करू नका, अल्लाहला साक्षी ठेवून शपथ घ्या. गांधीजींनी त्या शपथेचे गांभीर्य सभेला समजावून सांगितले, आणि सर्वांनी उभे राहून ती घेतली. सत्याग्रहाचा जन्म त्या सभेत झाला असे म्हणतात.

त्यानंतर गांधीजी आणि हमीदिया इस्लामिक सोसायटीचे हाजी वजीर अली हे शिष्टमंडळ घेऊन विलायतेस गेले. तेवढ्यापुरता कायदा अडला. परंतु १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वतःचे सरकार मिळताच तोच कायदा पुन्हा आला आणि १ जुलैपासून अमलात आला. लोकांनी परवाना कचेऱ्यांवर बहिष्कार घातला. सुमारे १३,००० हिंदी लोकांपैकी मुदतीअखेर जेमतेम ५०० जणांनी नावे नोंदविली.

जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींसह अनेक जण तुरुंगात गेले. महिन्याअखेर जनरल स्मट्स यांच्याशी समझोता झाला. लोकांनी आपखुषीने नावे नोंदवावी, मग सरकार कायदा मागे घेईल, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला होता. या समझोत्यातील एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. शिकलेल्या माणसाला ठशांऐवजी सही करण्याची मुभा त्यात होती. म्हणजे ज्याला लिहिता येत होते, त्याचा शब्द धरला जाई आणि ज्याला येत नव्हते, त्याची दहाही बोटे.

हा समझोता सर्वांना पटला नाही. १० फेब्रुवारी १९०८ रोजी नोंदणी कचेरीकडे जात असताना मीर आलम या पठाणाने व त्याच्या साथीदारांनी गांधीजींना मारहाण केली. ठसे देणे ही बेअब्रू, मग ती आपखुषीची का असेना, असे त्यांचे म्हणणे होते.

स्मट्स यांनी कायदा मागे घेतला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात सभा भरली. तीन पायांची एक मोठी लोखंडी कढई मांडली होती. दोन हजारांहून अधिक परवाने तीत टाकण्यात आले, वर रॉकेल ओतले आणि अध्यक्ष युसूफ मियाँ यांनी आग लावली. त्या सभेत मीर आलमही होता. त्याने आपली चूक कबूल केली आणि स्वतःचा परवाना जाळण्यासाठी पुढे केला. गांधीजींनी त्याचा हात हातात घेतला.

कोकणी बोलणारे इमामसाहेब

त्या हमीदिया मशिदीत इमाम अब्दुल कादिर बावजीर हे नायब इमाम होते. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून कोकणात येऊन राहिलेले. वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीत बांगी होते. इमामसाहेबांना कोकणी बोली चांगली येत असे. जोहान्सबर्गला त्यांचा भाड्याच्या घोडागाड्यांचा धंदा होता आणि राहणी सुखवस्तू होती. १९०८ च्या जुलैत विनापरवाना फेरी केल्याबद्दल ते तुरुंगात गेले. मशिदीत नमाज पढविणारा हा माणूस टोपली घेऊन रस्त्यावर विक्रीस निघाला, तो अटक व्हावी म्हणूनच.

पुढे ते हिंदुस्थानात आले आणि साबरमतीच्या आश्रमात सहकुटुंब राहिले. २१ मे १९३० रोजी धारासणाच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या तुकड्या चालून गेल्या, तेव्हा सरोजिनी नायडू यांच्याबरोबर नेतृत्व करणाऱ्यांत इमामसाहेब होते. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव क्वचितच येते, म्हणून येथे मुद्दाम दिले.

तोच अंगठा, पण हक्काचा

१९१३ च्या मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती रीतीने न झालेला आणि सरकारी नोंद नसलेला विवाह मानता येत नाही. हसन इसप नावाच्या गृहस्थांच्या पत्नीला प्रवेश नाकारल्याचे ते प्रकरण होते. एका निकालाने हजारो निकाहनामे आणि लग्ने परदेशात बिनकिमतीची ठरली. तेव्हा मात्र स्त्रियाही लढ्यात उतरल्या.

अखेर १९१४ मध्ये हिंदी लोकांच्या तक्रारींवर तोड काढणारा कायदा झाला. विवाह मान्य झाले आणि गिरमिट्या मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द झाला. आणखी एक कलम होते: ज्या रहिवास दाखल्यावर धारकाच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो दाखला प्रवेशाच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानावा. ज्या ठशासाठी माणसे तुरुंगात गेली, तोच ठसा आता त्यांच्या हक्काची राखण करू लागला. अंगठा तोच होता, पण आता तो माणसाच्या संमतीने, त्याच्या बाजूने उमटत होता.

आपला पासपोर्ट

पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत पासपोर्टवाचून जाता येई. युद्धाने ते दिवस संपविले. हिंदुस्थानात १९१७ मध्ये युद्धकाळाचे नियम व १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात सांगितले की परदेशी जाणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट नाकारायचा तर सरकारला कारण द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते, ते या कायद्यामुळे.

आपल्या आजोबांच्या पिढीतील हाजी मुंबईहून बोटीने जात. ती बोट १९९५ मध्ये बंद झाली. हाजींना त्या काळी स्वतंत्र यात्रा-पास मिळे. २००९ पासून त्यांनाही सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागू लागला. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनीही आपले कागद वेळीच नीट करून ठेवावेत.

नोकरीस जाणाऱ्यांसाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. कमी शिकलेल्या कामगाराला ठरावीक देशांत जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागू लागली, म्हणजे दलालाने फसविल्यास दाद मागता यावी. दहावी उत्तीर्ण माणसाला पुढे ही अट माफ झाली. ट्रान्सवालमध्ये शिकलेल्याला सही आणि न शिकलेल्याला ठसे, हा भेद आपण पाहिला. येथेही तसाच भेद आहे, फक्त हेतू संरक्षणाचा आहे. दहावीच्या प्रमाणपत्राची किंमत यावरून कळावी.

सरकारी इशारा वाचावा कसा

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेथील हिंदी लोकांना आगाऊ इशारा मिळाला नव्हता. १३ ऑगस्ट ते २० ऑक्टोबर या काळात सुमारे १,७०,००० लोकांना प्रामुख्याने जॉर्डनच्या अम्मान शहरातून विमानाने मायदेशी आणण्यात आले. आखातात मालकाने कामगाराचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याची जुनी चाल आहे. अशा धावपळीच्या वेळी तो मालकच नाहीसा झाला, तर कामगाराने काय करावे? बहुतेक आखाती देशांत आता या चालीस कायद्याने मनाई आहे, हे तिकडे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

२०२२ मध्ये युक्रेनची गोष्ट उलट झाली. आपल्या वकिलातीने १५ फेब्रुवारीस विद्यार्थ्यांना कळविले की ज्यांचे राहणे आवश्यक नाही, त्यांनी तात्पुरते निघण्याचा विचार करावा. २० तारखेस पुन्हा सूचना आली. २२ तारखेस सांगितले की विद्यापीठांच्या उत्तराची वाट न पाहता निघा. २४ फेब्रुवारीस युद्ध पेटले आणि विमाने बंद झाली. वर्ग बुडतील, वर्ष वाया जाईल, तिकीट महाग आहे, अशा विचाराने बरीच मुले थांबली होती. त्यांना तळघरांतून दिवस काढून, थंडीत सरहद्दी गाठाव्या लागल्या. सुमारे २२,५०० जण सुखरूप परतले, परंतु कर्नाटकातील एक विद्यार्थी खारकीव्ह येथे मारला गेला.

सरकारी भाषा सौम्य असते. 'विचार करावा' या शब्दांचा अर्थ पुष्कळदा 'निघा' असा असतो. आठवड्यात तीन सूचना आल्या आणि प्रत्येक आधीचीपेक्षा कडक असली, तर चौथीची वाट पाहू नये. तसेच २०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने संगणक शिकलेल्या तरुणांना सावध केले होते. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेऊन त्यांना म्यानमारमध्ये फसवणुकीच्या धंद्यात कोंडले जात होते. अशा सूचना इंग्रजीत येतात. ज्या घरी कोणी वाचणारा नाही, त्या घरी त्या येऊनही आल्यासारख्या नसतात.

तपासणी आणि बेअब्रू यांतला फरक

शेजारच्या पाचगणी-महाबळेश्वरला परदेशी पाहुणा उतरला, तर हॉटेलमालकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती अधिकाऱ्यांस कळवावी लागते. म्हणजे आपणही पाहुण्यांची ओळख तपासतो. त्याने त्याचा अपमान होत नाही. मग ट्रान्सवालचा अपमान का होता? याचा निवाडा करण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. हा नियम सर्व परक्यांना सारखा आहे, की एकाच वंशाला वा धर्माला? तो कायद्यात लिहिलेला आहे, की शिपायाच्या तोंडी आहे? चूक झाल्यास दाद मागण्याची जागा आहे काय? तिन्ही उत्तरे बरी असतील, तर शांतपणे कागद दाखवावा. नसतील, तर इमामसाहेबांचे स्मरण करावे आणि कायद्याच्या मार्गाने, निर्भयपणे झगडावे.

दाद मागण्याची जागा परदेशातही असते. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमान्वये परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि तो त्यास विनाविलंब सांगणे हे तेथील अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. मूळ आपल्या सातारा-सांगली भागातील कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी याच कलमाचा भंग झाल्याचा निर्णय दिला. सामान्य विद्यार्थ्याला आणि मजुरालाही तोच हक्क आहे. पासपोर्ट हरवल्यास घरी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्रही वकिलात देते.

पालकांस विनंती

तेव्हा, सुज्ञ पालकहो, मुलाचे नाव शाळेत घालतानाच ते नीट लिहावे आणि सर्व कागदांवर एकसारखे ठेवावे. ही पाच मिनिटांची दक्षता वीस वर्षांनी पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयातील चार खेपा वाचवील. मुलगा परदेशी जाईल तेव्हा पासपोर्टची एक प्रत घरी ठेवावी. दलालाचे नाव सरकारी यादीत आहे की नाही, ते पाहूनच पैसे द्यावे. आणि मुलीलाही दहावीच्या पुढे शिकवावे. परदेशातून आलेला कागद घरी प्रथम तिच्याच हाती पडेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, परक्या मुलखात पोलिसाने कागद मागितला तर घाबरू नका, खोटे बोलू नका, चिरीमिरी देऊ नका. कागद पुढे करा आणि मान ताठ ठेवा. हमीदिया मशिदीच्या आवारात ज्यांनी परवाने जाळले, त्यांतील अनेकांना सही करता येत नव्हती. तुम्हांला ती करता येते. त्यांनी मिळविलेला मान जपावयाचा असेल, तर ती सही करण्यापूर्वी वरचा मजकूर पूर्ण वाचण्याची सवय ठेवा. अल्लाह आपणां सर्वांस इल्म आणि इज्जत दोन्ही देवो.